फरारी गुलाम आणि अमेरिकेतली कोर्टं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1865 च्या आधीच्या अमेरिकेत गुलाम पळून जायचे, पकडले जायचे, कोर्टात उभे राहायचे, त्याबद्दल जे प्रश्न नेहमी येतात ते इथे एकत्र केलेत. क्रमाने वाचायलाच हवं असं काही नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

गुलाम उत्तरेत पोचला की सुटला, असंच ना?

नाही, आणि बहुतेकांची इथेच गल्लत होते. पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, ओहायो ही राज्यं गुलामगिरी मानत नव्हती हे खरं, पण तिथे पोचलेला माणूस कायद्याने मोकळा होत नव्हता, फक्त मालकापासून लांब गेलेला असायचा. मालकाचा हक्क त्याच्या मागोमाग राज्याची हद्द ओलांडून यायचा. घटनेच्या चौथ्या कलमातच तशी तरतूद होती, की एका राज्याच्या कायद्याने कामाला बांधलेला माणूस दुसऱ्या राज्यात पळाला तर तिथल्या कायद्याने तो सुटणार नाही, मागणी आली की परत द्यायचा. आता कोणी द्यायचा, शहानिशा कोण करणार, पकडायला माणसं कोण देणार, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नाही, आणि पुढची सत्तर वर्षं कोर्टात जी भांडणं झाली ती सगळी या मोकळ्या सोडलेल्या जागेवरच.

1793 चा कायदा काय म्हणत होता?

मालकाने किंवा त्याच्या माणसाने स्वतः जाऊन पळालेल्याला धरायचं, जवळच्या जजसमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं, तोंडी सांगून किंवा प्रतिज्ञापत्र दाखवून 'हा माझा' असं पटवून द्यायचं, की सर्टिफिकेट हातात. ज्युरी वगैरे काही नाही. आडवा येईल त्याला 500 डॉलर दंड.

या कायद्यावर सही जॉर्ज वॉशिंग्टनची, आणि तीनच वर्षांनी, मे 1796 मध्ये, त्याच्याच घरातली ओना जज पळाली. फिलाडेल्फियातल्या घरी मंडळी जेवायला बसलेली असताना ती सरळ बाहेर पडली आणि पुढे जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. राष्ट्राध्यक्ष स्वतःच सही केलेला कायदा उघडपणे वापरतील असं वाटेल, पण बभ्रा होईल म्हणून त्याने तिथल्या कस्टमच्या अधिकाऱ्याला पत्रं लिहून गुपचूप काम होतंय का ते पाहिलं. नाही झालं. ओना 1848 पर्यंत जगली, लग्न केलं, मुलं झाली, पण कायद्याच्या हिशेबात शेवटपर्यंत ती फरारीच, आणि तिची मुलं सुद्धा गुलामच, कारण मूल आईच्या दर्जावर जायचं.

उत्तरेतली राज्यं हे गप्प बघत बसली का?

नाही. पेनसिल्व्हेनियाने 1826 मध्ये कायदा केला की मॅजिस्ट्रेटकडून रीतसर कागद न घेता कुणाला राज्याबाहेर नेलं तर ते अपहरण. त्यावरून जी केस झाली ती म्हणजे प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया, 1842. या विषयातलं एकच निकालपत्र वाचायचं असेल तर हे वाचा.

मार्गारेट मॉर्गन ही बाई मेरीलँडची, तिच्या आईवडिलांना मालकाने जवळजवळ मोकळंच सोडलं होतं, कागद मात्र कधी केला नव्हता. तिने एका स्वतंत्र काळ्या माणसाशी लग्न केलं, नवराबायको पेनसिल्व्हेनियात राहायला गेले, मुलं झाली, निदान एक तरी तिथेच जन्मलं. म्हातारा मालक वारल्यावर वारसांना आठवण झाली की अरे ही आपली मालमत्ता. 1837 मध्ये एडवर्ड प्रिग आणि आणखी काही जण आले, तिला धरून मॅजिस्ट्रेटकडे नेलं, तो सर्टिफिकेट देईना, तर यांनी आईला आणि मुलांना तसंच उचलून मेरीलँडला नेलं. पेनसिल्व्हेनियाने प्रिगला अपहरणाबद्दल दोषी ठरवलं आणि सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला.

निकाल जस्टिस जोसेफ स्टोरीने लिहिला. मालक आपला गुलाम कुठल्याही राज्यात धरू शकतो, राज्याला त्यात खोडा घालता येणार नाही, हा विषय फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा. पण त्यातच त्याने एक खुंटी मारून ठेवली, की विषय फेडरल आहे तर राज्याच्या मॅजिस्ट्रेटवर आणि अधिकाऱ्यांवर मदतीची सक्ती करता येणार नाही, राज्य त्यांना मनाई करू शकतं. उत्तरेतल्या राज्यांनी ती खुंटी लगेच पकडली. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये जॉर्ज लॅटिमरला पकडलं, लोक खवळले, शेवटी वर्गणी काढून 400 डॉलरला त्याला सोडवावं लागलं, आणि साठ हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज विधानसभेत गेला. 1843 मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदाच केला की आमचा अधिकारी फरारी गुलाम पकडणार नाही आणि आमचे तुरुंग त्याला ठेवायला मिळणार नाहीत.

आणि बघा, या सगळ्यात मार्गारेट कुठेच नाही. केस प्रिगच्या शिक्षेची होती. ती आणि तिची मुलं हा पुरावा, पक्षकार नाही.

मालक स्वतःच गुलामाला घेऊन उत्तरेत आला तर?

तो हिशेब वेगळा. 1836 मध्ये न्यू ऑर्लिन्सहून एक बाई सहा वर्षांच्या मेड नावाच्या मुलीला घेऊन बॉस्टनला आली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे चीफ जस्टिस लेम्युएल शॉ यांनी सांगितलं की मालकाने आपणहून आणलं तर इथल्या हवेत गुलामगिरी चालत नाही, मुलगी मोकळी. याची मुळं लंडनमधल्या 1772 च्या जेम्स सॉमरसेटच्या केसमध्ये, तोही मालकाकडून पळाला होता, त्याला पकडून जमैकाच्या जहाजात बेड्या घालून ठेवलं होतं आणि लॉर्ड मॅन्सफिल्डने सोडून दिलं. पण अमेरिकेत घटनेतलं ते कलम होतं ना, त्यामुळे आणलेला मोकळा आणि पळून आलेला गुलाम, असा उफराटा प्रकार. ड्रेड स्कॉटची केस (1857, काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच नाही असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं ती) लोक फरारी गुलामांमध्ये घालतात, पण तो पळालेला नव्हताच, त्याला मालकाने मोकळ्या प्रदेशात नेलं होतं.

1850 चा कायदा एवढा बदनाम का?

कारण त्यात लाजही ठेवली नव्हती. कॅलिफोर्निया मोकळं राज्य म्हणून घ्यायचं, त्याच्या बदल्यात दक्षिणेला काहीतरी द्यायचं, अशा तडजोडीतून हा आला, सप्टेंबर 1850, सही मिलर्ड फिलमोरची. राज्याचे मॅजिस्ट्रेट मदत करत नाहीत ना, मग फेडरल कमिशनर नेमा. त्यांच्यासमोर ज्युरी नाही. ज्याला पकडलंय त्याची साक्ष घ्यायचीच नाही, असं चक्क कायद्यात लिहिलेलं. मालकाने आपल्या राज्यातल्या कोर्टातून 'अमका माझा गुलाम होता आणि तो पळाला' असा दाखला आणला तर तो वादातीत, म्हणजे पळाला का, गुलाम होता का, हे प्रश्न तिकडेच, समोरच्याच्या गैरहजेरीत, निकालात निघालेले. इथे एवढंच बघायचं की दाखल्यातलं वर्णन या माणसाला जुळतं का. कोंडवाड्यातून जनावर सोडवून न्यायला याहून जास्त चौकशी होत असेल.

आणि ती फी. कमिशनरने परत पाठवायचं सर्टिफिकेट दिलं तर 10 डॉलर, माणूस सोडला तर 5. समर्थक म्हणायचे की सर्टिफिकेट द्यायचं तर लिखापढी जास्त, म्हणून. असेलही, पण हे ज्याने लिहिलं त्याला ते वाचताना कसं दिसेल हे कळलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

शिवाय मार्शल, म्हणजे फेडरल कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी, रस्त्यावरच्या कुणालाही म्हणू शकायचा की चल, पकडायला हात लाव. मदत करणाऱ्याला, लपवणाऱ्याला 1000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, वर मालकाची भरपाई वेगळी. आतापर्यंत 'आपल्याला काय करायचंय' म्हणून बसलेला बॉस्टनचा वाणी किंवा ओहायोचा शेतकरी या एका तरतुदीने त्यात ओढला गेला. दक्षिणेला पाहिजे तो कायदा मिळाला आणि तोच अंगाशी आला.

कमिशनरसमोर प्रत्यक्षात काय व्हायचं?

अँथनी बर्न्सचं उदाहरण घेऊ, कारण त्या सुनावणीचं जवळजवळ सगळं नोंदलेलं आहे.

बर्न्स व्हर्जिनियातून, रिचमंडहून, जहाजात लपून आला, वय विशीतलं. बॉस्टनमध्ये कॉफिन पिट्स नावाच्या काळ्या दुकानदाराच्या कपड्यांच्या दुकानात कामाला होता. भावाला पत्र पाठवलं, ते मालकाच्या हाती लागलं. 24 मे 1854 ला संध्याकाळी दुकान बंद करून घरी चाललेला असताना त्याला दागिन्यांच्या चोरीच्या खोट्या संशयावर अडवून कोर्टाच्या इमारतीत नेलं आणि तिथे दारात मालक चार्ल्स सटल उभा. सटल म्हणाला, काय मिस्टर बर्न्स, कसे आहात? बर्न्सच्या तोंडून 'मास्टर' निघून गेलं. झालं.

वकील रिचर्ड हेन्री डेना आपणहून उभा राहिला. बर्न्सला तर आधी वकीलही नको होता, लढलो तर परत गेल्यावर जास्त हाल करतील अशी भीती. तिकडे 26 मे च्या रात्री लोकांनी कोर्टाचा दरवाजा ओंडक्याने फोडायचा प्रयत्न केला, त्यात मार्शलचा एक माणूस मेला, बर्न्स काही सुटला नाही.

डेनाचा मुद्दा असा, की मालकाचा साक्षीदार सांगतो बर्न्स 20 मार्चच्या सुमाराला रिचमंडमध्ये होता, पण इथले साक्षीदार, त्यात एक काळा मजूर आणि काही गोरे लोकही, शपथेवर सांगतात की मार्चच्या सुरुवातीपासूनच तो साउथ बॉस्टनच्या एका कारखान्यात खिडक्या धूत होता. म्हणजे दाखल्यातला माणूस हा नव्हेच, किंवा निदान शंकेला जागा आहे. कमिशनर एडवर्ड लोरिंगने मान्य केलं की साक्षी एकमेकींच्या विरुद्ध जातात. मग ओळख कशावरून ठरवली? त्या रात्रीच्या बोलण्यावरून. ज्याची साक्ष घ्यायची नाही असं कायदा सांगतो त्याच्याच तोंडचं, पकडल्यावर घाबरून निघालेलं बोलणं त्याच्या विरुद्ध चाललं, त्याच्या बाजूने एक शब्द चालला नसता. डेनाने यावर खूप डोकं आपटलं.

2 जूनला त्याला बंदरावर नेलं तेव्हा दोन्ही बाजूंनी सैनिक, दुकानांवर काळे पडदे, स्टेट स्ट्रीटवर एक शवपेटी टांगलेली आणि हजारो लोक. एका माणसाला परत पाठवायला. मधे वर्गणी काढून त्याला विकत घ्यायची तयारीही झाली होती, 1200 डॉलर जमले होते, पण सरकारी वकिलाने ते होऊ दिलं नाही, सरकारला उदाहरण घालून द्यायचं होतं.

चुकीचा माणूस पकडला गेला तर?

जायचाच. डिसेंबर 1850 मध्ये फिलाडेल्फियाच्या कमिशनरने अ‍ॅडम गिब्सनला दुसऱ्याच कुणाचा तरी गुलाम ठरवून मेरीलँडला धाडलं, आणि ज्या मालकाकडे पोचवला तोच म्हणाला, हा माझा नाही! म्हणून परत आला. मालक प्रामाणिक निघाला हे गिब्सनचं नशीब, कायद्यात त्याची काही सोय नव्हती, अपीलही नव्हतं.

सॉलोमन नॉर्थअपची गोष्ट उलट बाजूची, तो जन्मापासून मोकळा, 1841 मध्ये वॉशिंग्टनला फसवून नेऊन विकला, बारा वर्षं लुइझियानात काढली. सुटून आल्यावर दलालावर केस केली तर वॉशिंग्टनच्या कोर्टात काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्ध साक्ष चालत नव्हती, त्यामुळे जो बारा वर्षं भोगून आला तोच साक्ष देऊ शकला नाही आणि दलाल सुटला.

पळून जायचे कसे? भुयारी रेल्वे खरंच होती?

रेल्वे नाही हो, फरारींना लपवत पुढे पोचवणाऱ्या लोकांच्या साखळीचं ते नुसतं नाव. ओळखीओळखीतून पुढे ढकलायचं, एका घरातून दुसऱ्या घरात. बरेच जण तर कुणाच्या मदतीशिवाय, रात्री चालत, पाण्यातून, जहाजाच्या तळात बसून गेले.

हुशारीची उदाहरणं पुष्कळ. जॉर्जियातलं क्राफ्ट जोडपं, विल्यम आणि एलन, डिसेंबर 1848. एलन गोरी दिसायची, तिने पुरुषी पोशाख करून आजारी तरुण जमीनदाराचं सोंग घेतलं आणि नवरा तिचा नोकर. तिला लिहिता येत नव्हतं आणि हॉटेलात सही मागणार, म्हणून उजवा हात झोळीत बांधला. आगगाडीने आणि बोटीने, पहिल्या वर्गाने, ऐन नाताळात फिलाडेल्फियाला. 1850 च्या कायद्यानंतर त्यांच्या मागावर दोन जण बॉस्टनला आले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच कायद्याच्या गावात कायदा उलटा वापरला, विल्यमला चोर म्हटलं म्हणून अब्रुनुकसानी, अशी एकेक केस टाकून त्या दोघांना इतक्या वेळा अटक करवली आणि इतका जामीन भरायला लावला की ते कंटाळून निघून गेले. क्राफ्ट मात्र इंग्लंडला गेले, राहणं धोक्याचंच होतं.

हेन्री बॉक्स ब्राउनने 1849 मध्ये स्वतःला तीन फुटी लाकडी पेटीत बंद करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सलने पाठवलं, सव्वीस-सत्तावीस तास, त्यात काही वेळ डोकं खाली. तो पोचला, पण पेटी पाठवणारा सॅम्युएल स्मिथ पुढे आणखी दोघांना तसंच पाठवताना सापडला आणि तुरुंगात गेला.

मदत करणाऱ्यांना खरंच शिक्षा व्हायची का?

व्हायची, आणि कुठे पकडले गेलात यावर सगळं अवलंबून. दक्षिणेत सापडलात तर गेलात. जोनाथन वॉकर हा जहाजाचा कप्तान, 1844 मध्ये फ्लोरिडात सापडला, त्याच्या तळहातावर तापलेल्या लोखंडाने 'गुलाम चोर' या अर्थाची दोन अक्षरं डागली. कॅल्विन फेअरबँकने केंटकीच्या तुरुंगात दोन खेपांना मिळून सतरा वर्षं काढली.

उत्तरेत बहुधा पैशाचा मार. ओहायोतला शेतकरी जॉन व्हॅन झँट, 1842 मध्ये बाजारातून परतताना त्याने आपल्या गाडीत नऊ जणांना घेतलं, मालकाने केस केली, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, सॅमन चेससारखा वकील लढला आणि तरी 1847 मध्ये हरला. 1855 मध्ये फिलाडेल्फियात पॅसमोर विल्यमसनने जेन जॉन्सन नावाच्या बाईला एवढंच सांगितलं की मालकानेच तुला इथे आणलंय, तू मोकळी आहेस, उतर बोटीवरून. तेवढ्यावरून फेडरल जजने कोर्टाच्या अवमानाखाली त्याला तीन महिन्यांहून जास्त आत ठेवलं.

ओबरलिनची केस मला सगळ्यात आवडते. सप्टेंबर 1858, ओहायोतल्या वेलिंग्टनच्या हॉटेलात कोंडलेल्या जॉन प्राइस या फरारीला ओबरलिन गावच्या लोकांनी जाऊन सोडवला. 37 जणांवर आरोप, त्यात प्रोफेसर, विद्यार्थी, दुकानदार. दोघांवर खटले चालले आणि दोघंही दोषी. चार्ल्स लँग्स्टन, स्वतः काळा, त्याला शिक्षेआधी काही बोलायचंय का विचारलं तर तो उभा राहून सांगत गेला की ज्या देशात माझ्या रंगाच्या माणसाला काही हक्कच नाहीत असं कोर्ट म्हणतं तिथे माझा न्याय माझ्या बरोबरीच्यांनी केलाय असं मी कसं मानू. जजने त्याला 20 दिवस आणि 100 डॉलर एवढीच शिक्षा दिली, त्याच्या आधीच्या गोऱ्या सायमन बुशनेलला 60 दिवस आणि 600 डॉलर दिली होती. तोवर ओहायोने गुलाम पकडायला आलेल्या चौघांवर अपहरणाची केस टाकली होती, शेवटी तुम्ही आमच्यावरची काढा, आम्ही तुमच्यावरची काढतो, असं मिटलं.

देशद्रोहाचा खटला झाला होता तो कुठला?

ख्रिस्तियाना, पेनसिल्व्हेनिया, 11 सप्टेंबर 1851. मेरीलँडचा एडवर्ड गॉरसच वॉरंट आणि डेप्युटी मार्शल घेऊन पहाटे विल्यम पार्करच्या घरी आला, पार्कर स्वतःच एकेकाळचा फरारी, आत लपलेले गॉरसचचे गुलाम. चकमक झाली, गॉरसच मेला. सरकारने 38 जणांवर देशद्रोह लावला, अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं म्हणून! पहिला खटला कुणावर, तर कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर, जो फक्त घोड्यावरून तिथे आला होता आणि मदत करायला नाही म्हणाला होता. खटला चालला फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलच्या वरच्या मजल्यावर. जस्टिस ग्रीअरला गुलामगिरीविरोधकांचा अगदी राग, पण त्यानेही ज्युरीला सांगितलं की एका कायद्याला विरोध म्हणजे देशाविरुद्ध युद्ध नव्हे. ज्युरी पंधरा मिनिटांत बाहेर आली, निर्दोष. बाकीच्यांवरचं सगळं पुढे ढेपाळलं. पार्कर तोवर कॅनडात.

जजना हे पटत नसताना ते परत का पाठवायचे?

हा प्रश्न खरा अवघड आहे. वर ज्या शॉने लहान मेडला मोकळं केलं त्यानेच 1851 मध्ये थॉमस सिम्स या फरारीच्या वेळी 1850 चा कायदा वैध ठरवला. त्या दिवसांत जमाव आत घुसू नये म्हणून बॉस्टनच्या कोर्टाभोवती साखळ्या लावल्या होत्या, आत जायचं तर जजलाही त्यांच्याखालून वाकून जावं लागायचं. स्टोरीला गुलामगिरी मनापासून नको होती. ओहायोकडच्या केसेस चालवणारे जस्टिस मॅक्लीन, ड्रेड स्कॉटमध्ये विरुद्ध मत देणारे, ज्युरीला सांगायचे की तुमचा विवेक घरी, इथे कायदा.

त्यांचं म्हणणं असं की घटना हा करार आहे, त्या कलमाशिवाय दक्षिण आलीच नसती, जज म्हणून शपथ त्याच्यावर घेतलीय. मला यात प्रामाणिकपणा दिसतो, पण सोयही दिसते. कारण कायद्यात जिथे जागा होती, साक्षीची शंका, वॉरंटमधली चूक, ओळखीचा घोळ, तिथेही बहुतेक वेळा कल मालकाकडेच गेला. बर्न्सला सोडायला लोरिंगला घटना मोडावी लागली नसती, साक्षीदारांवर विश्वास ठेवला असता तरी पुरलं असतं.

मार्गारेट गार्नरच्या केसमध्ये कोर्टापुढे नक्की प्रश्न काय होता?

जानेवारी 1856, कडाक्याची थंडी, ओहायो नदी गोठलेली. मार्गारेट नवरा, मुलं आणि सासूसासऱ्यांसह केंटकीतून बर्फावरून चालत सिनसिनाटीला आली. काही तासांत घराला वेढा पडला. पकडले जाणार हे दिसल्यावर तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला, मेरीला, सुरीने मारलं, बाकीच्या मुलांनाही मारायला गेली.

ओहायोला तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा होता आणि तिचा वकील जॉन जॉलिफही तेच मागत होता. म्हणजे बचावाचा वकील म्हणतोय माझ्या अशिलावर खून लावा! कारण खुनाचा आरोप माणसावर लागतो, मालमत्तेवर नाही, आणि खटला चालला असता तर ती ओहायोत राहिली असती, मोकळ्या राज्यात. फेडरल कमिशनर पेंडरीने ठरवलं की मालकाचा हक्क आधी. तिला परत पाठवलं, मग ओहायोच्या गव्हर्नरने, तोच सॅमन चेस, खुनासाठी तिला परत मागितलं, तर मालकाने तिला इकडून तिकडे हलवत दक्षिणेला पाठवून दिलं. 1858 मध्ये मिसिसिपीत टायफॉइडने गेली. खुनाचा खटला कधीच झाला नाही.

कुठल्या राज्याने कायदा मानायलाच नकार दिला का?

विस्कॉन्सिनने. मार्च 1854 मध्ये जोशुआ ग्लोव्हरला रसीनजवळ पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात ठेवलं, जमावाने दार फोडून काढला, तो कॅनडात गेला. त्यात मदत केली म्हणून शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला, तर विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 1850 चा कायदाच घटनाबाह्य, सोडा याला. 1859 मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने, चीफ जस्टिस टॉनी यांनी, एकमताने ते उलथवलं, राज्याचं कोर्ट फेडरल कैद्याला सोडू शकत नाही. यात एक मजा आहे, राज्यांचे हक्क राज्यांचे हक्क म्हणून ओरडणारी दक्षिण इथे वॉशिंग्टनच्या बाजूने आणि उत्तरेतलं राज्य आपल्या हक्कावर अडून. ज्याला जे सोयीचं.

कॅनडात पोचलं की काळजी मिटली?

जवळजवळ. 1833 मध्ये डेट्रॉइटहून सुटलेल्या ब्लॅकबर्न जोडप्याला (ल्युसी तुरुंगातून भेटायला आलेल्या बाईचे कपडे घालून बाहेर पडली होती) अप्पर कॅनडाने परत द्यायला नकार दिला, आमच्याकडे जो गुन्हाच नाही त्यासाठी माणूस देणार नाही म्हणून. थॉर्न्टन ब्लॅकबर्नने पुढे टोरंटोत पहिली भाड्याची घोडागाडी चालू केली. पण नेल्सन हॅकेट 1841 मध्ये आर्कान्सॉतून पळताना घोड्याबरोबर सोन्याचं घड्याळही घेऊन गेला. घोडा पळायला लागतो हे समजू शकतं, घड्याळ कशाला, या मुद्द्यावर चोर म्हणून परत दिला गेला. आणि जॉन अँडरसन, ज्याने पळताना अडवणाऱ्या माणसाला चाकू मारला होता, त्याला 1860 मध्ये कॅनडातल्या एका कोर्टाने परत द्यायचं ठरवलं, गदारोळ झाला, फेब्रुवारी 1861 मध्ये दुसऱ्या कोर्टाने वॉरंटच्या शब्दरचनेत चूक काढून सोडला. तांत्रिक मुद्दा, पण जीव वाचला.

किती जण पळायचे?

जनगणनेत 1850 साठी हजारच्या थोडे वर आणि 1860 साठी आठशेच्या आसपास आहेत, पण मालकांनी सांगितलेले आकडे ते, आणि कोण कबूल करेल. तरीही 1860 च्या जवळपास 40 लाख गुलामांच्या मानाने उत्तरेत पोचलेले थोडेच. बरेच जण चार दिवस रानात राहून परत यायचे किंवा आणले जायचे.

हे सगळं संपलं कधी?

कायदा रद्द झाला 28 जून 1864 ला, पण खरं तर मे 1861 मध्येच खिळखिळा झाला. उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झालेलं, व्हर्जिनिया देशातून फुटून निघालं आणि तीन गुलाम रात्री होडीने उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रोला आले. मालकाच्या वतीने एक मेजर पांढरं निशाण घेऊन त्यांना मागायला आला, कायद्याचा हवाला देत. किल्ल्यावर जनरल बेंजामिन बटलर, पेशाने वकील. तो म्हणाला, तुम्ही म्हणता तुम्ही परदेश, मग आमचा कायदा परदेशाला कसा लागू? शत्रूचा माल म्हणून ठेवून घेतो. इतकी वर्षं त्यांना माल म्हणणाऱ्यांना यावर उत्तर सुचलं नाही.

आपल्याकडे याचा काही संबंध?

थोडा आहे. पेशवाईत बटकी, कुणबिणी ठेवायची पद्धत होतीच. कंपनी सरकारच्या 1843 च्या पाचव्या अ‍ॅक्टने वेगळा रस्ता धरला, गुलाम ठेवणं गुन्हा केला नाही, पण कुणाला गुलाम म्हणून मागायला कोर्टात आलात तर कोर्ट तो हक्क बजावून देणार नाही. अमेरिकेत बरोबर सात वर्षांनी नेमकं उलटं झालं. गुन्हा ठरला तो इंडियन पीनल कोडमध्ये, 1862 पासून लागू. आणि जोतिराव फुल्यांनी 1873 ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, म्हणजे पुण्यात ही बातमी नीट पोचलेली होती. नाशिकच्या शरणपूरला आफ्रिकेतले सोडवलेले गुलाम राहत, पण ते ब्रिटिश आरमाराने जहाजांवरून सोडवलेले, पळालेले नव्हेत.

या केसेसमधल्या लोकांचं पुढे काय झालं?

बर्न्सला वर्षभरात 1300 डॉलरला विकत घेऊन सोडवलं, तो ओबरलिनला शिकला, कॅनडात पाद्री झाला, 1862 मध्ये तरुणपणीच गेला. सिम्सला सव्हानात भर चौकात फटके मारले, 1863 मध्ये तो पुन्हा पळाला. त्याला ज्या मार्शलने परत पाठवलं होतं तो चार्ल्स डेव्हन्स 1877 मध्ये अमेरिकेचा अ‍ॅटर्नी जनरल झाला आणि त्याने सिम्सला आपल्याच खात्यात नोकरी दिली. लोरिंगला मॅसॅच्युसेट्सने 1858 मध्ये राज्याच्या जजच्या पदावरून काढलं, तर राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅननने त्याच वर्षी त्याला वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ क्लेम्सवर नेमलं, आणि तिथे तो 1877 पर्यंत होता.